डिलीट दाबलं आणि अख्खी टाइमलाइन सरकली! एडिटिंग सॉफ्टवेअर बदलताना नेमकं काय अडतं?

पावसाची बातमी होती. घाटातले कोणते रस्ते बंद आणि कोणते सुरू, यावर ९० सेकंदांचा उभा व्हिडिओ रात्री साडेनऊच्या आत टाकायचा होता. व्हॉइसओव्हर तयार, रस्त्यांच्या नावांच्या पाट्याही तयार. मधला एक शॉट जास्तच हलला होता, म्हणून तो निवडून डिलीट दाबलं. तिथे मोकळी जागा राहील आणि त्यात दुसरा शॉट टाकू, असा हिशेब होता. तेवढ्यात फोन आला. परत येऊन पाहिलं तर मोकळी जागा कुठेच नाही. वाटलं, दुसरा शॉट टाकून झालाय. व्हिडिओ एक्स्पोर्ट केला आणि अपलोड करून टाकला.

थोड्याच वेळात पहिली कमेंट आली: आवाजात एक रस्ता सांगताय, पाटीवर दुसराच दिसतोय, नक्की बंद कोणता?

झालं होतं असं. सहा वर्षं मी अडोबी प्रीमियर प्रोवर काम केलं. तिथे क्लिप निवडून डिलीट दाबलं की ती क्लिप जाते आणि तिची जागा रिकामी राहते. जागाही मिटवायची असेल तर शिफ्ट दाबून डिलीट करायचं. आमच्या डेस्कने नुकतंच दाविंची रिझॉल्व्ह घेतलं होतं. त्यात नेमकं उलट आहे. बॅकस्पेसने क्लिप जाते आणि जागा उरते. डिलीटने क्लिप जाते आणि पुढचं सगळं मागे सरकून जागा मिटते. व्हॉइसओव्हर ही एकच लांब क्लिप असल्याने ती जागची हलली नाही. शॉट आणि पाट्या मात्र तीन सेकंद आधी आल्या.

व्हिडिओ काढला, दुरुस्त करून पुन्हा टाकला, खाली चूक झाल्याचं लिहिलं. मधल्या वेळेत तो पाहून कुणी चुकीच्या रस्त्याला लागलं असेल का, हा प्रश्न त्या रात्री झोपेपर्यंत डोक्यात होता. सॉफ्टवेअरमध्ये बिघाड नव्हता. मलाही एडिटिंग येत नव्हतं असं नाही. उलट ते इतकं येत होतं की बोटं डोक्याला न विचारता चालत होती.

पण बदलायचंच कशाला?

बहुतेक वेळा बदल आपण निवडत नाही, तो येऊन आदळतो. कुठे दरमहा भाड्याचा खर्च परवडत नाही, कुठे ऑफिस ठरवतं, कुठे सॉफ्टवेअरच बंद होतं. विंडोज मूव्ही मेकरवर शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ जोडणाऱ्यांची एक पिढी होती. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये त्याचा सपोर्ट थांबवला. जून २०२०च्या अखेरीस केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉकची चर्चा सगळ्यात जास्त झाली, पण त्याच यादीत मोबाइलवर व्हिडिओ एडिट करण्याचं विवाव्हिडिओ हे अ‍ॅपही होतं. त्यावर हात बसलेल्यांना एका रात्रीत काइनमास्टर किंवा इनशॉट शोधावं लागलं.

व्यावसायिक जगातला सगळ्यात मोठा गोंधळ झाला तो २०११ मध्ये. अ‍ॅपलने २१ जून २०११ला फायनल कट प्रो एक्स बाजारात आणलं. जगभरातले एडिटर तेव्हा फायनल कट प्रो ७ वापरत होते. नवं सॉफ्टवेअर ७ मध्ये बनवलेले प्रोजेक्ट उघडतच नव्हतं. एकाच प्रसंगाचं अनेक कॅमेऱ्यांतलं शूटिंग एकत्र कापण्याची मल्टिकॅमची सोय सुरुवातीला नव्हती, ती जानेवारी २०१२च्या अपडेटमध्ये आली. नेहमीचे ट्रॅक काढून टाकले होते आणि टाइमलाइन ‘मॅग्नेटिक’ होती. म्हणजे क्लिप काढली की शेजारच्या क्लिप आपोआप एकमेकांना चिकटणार. माझ्या डिलीटच्या बटणाने जे केलं, तेच तिथे मूळ स्वभाव म्हणून आलं होतं. अनेकांनी वैतागून प्रीमियर गाठलं. आज प्रीमियरमध्ये जुन्या फायनल कटच्या आणि अ‍ॅव्हिडच्या शॉर्टकटचे तयार संच मिळतात, ते अशाच घर बदलून आलेल्यांसाठी.

महाराष्ट्रात लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांच्या दुकानांत अजूनही ईडियस दिसतं. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या फाइल एकाच टाइमलाइनवर टाका, साध्या कॉम्प्युटरवरही ते रेंडर न करता चालवून दाखवतं, म्हणून ते रुजलं. ईडियसमध्ये ‘सी’ दाबलं की कर्सर आहे तिथे क्लिप तिथल्या तिथे कापली जाते. प्रीमियरमध्ये त्याच ‘सी’ने फक्त ब्लेड हातात येतं, कापायला पुन्हा क्लिक करावं लागतं. चार तासांच्या लग्नात हा एक जादा क्लिक किती वेळा होतो, ते त्या दुकानात बसल्यावर कळतं.

जुनं विसरलं जात नाही, तीच अडचण

मराठी टायपिंग करणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको. वर्तमानपत्रांच्या आणि डीटीपीच्या जगात रेमिंग्टन कीबोर्डवर हात बसलेले लोक युनिकोड आल्यावर इनस्क्रिप्टकडे वळले, तेव्हा त्यांची गत नवशिक्यापेक्षा वाईट झाली. ज्याला काहीच येत नव्हतं तो बटण शोधून दाबत होता. ज्याला येत होतं त्याचं बोट आधीच चुकीच्या बटणावर पोचलेलं असायचं. मानसशास्त्रात याला निगेटिव्ह ट्रान्सफर म्हणतात. जुनं कौशल्य नव्या कामात मदत न करता आडवं येतं, आणि दोन्ही कामं जितकी सारखी दिसतात तितकं जास्त आडवं येतं. प्रीमियर आणि रिझॉल्व्हच्या टाइमलाइन दिसायला सारख्या आहेत. तिथेच फसगत होते.

आणखी एक गोष्ट आहे. जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन या संशोधकांनी १९८७ मध्ये ‘सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास’ मांडला. लोकांना सॉफ्टवेअर शिकायचं नसतं, हातातलं काम उरकायचं असतं. त्यामुळे मॅन्युअल वाचून पुढे वेळ वाचेल हे माहीत असूनही कुणी वाचत नाही आणि जुन्या माहितीवर अंदाज बांधत पुढे जातो. न्यूज डेस्कवर तर हे फारच खरं आहे. साडेनऊची डेडलाइन असताना मॅन्युअल कोण उघडणार?

त्यात एक लाजही असते, जी फारसं कुणी बोलत नाही. ऑफिसात ‘व्हिडिओचं काही असेल तर हिला विचारा’ अशी ओळख असते. आणि एका सोमवारी साधा फेड कुठून द्यायचा, हे इंटर्नला विचारावं लागतं. माझा नव्वद सेकंदांचा व्हिडिओ जुन्या सॉफ्टवेअरवर पाऊण तासात व्हायचा. पहिल्या आठवड्यात अडीच तास लागले.

प्रोजेक्टची फाइल गेली कुठे?

बटणांच्या चुका लगेच दिसतात, निदान कुणीतरी कमेंटमध्ये दाखवतं तरी. खरा धोका असतो तो न दिसणाऱ्या फरकांचा. त्यातला पहिला म्हणजे तुमचं काम कुठे सेव्ह होतं.

प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट ही एक फाइल असते. तुम्ही ती बातमीच्या फोल्डरमध्ये ठेवता, फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करता, डिस्क दुसऱ्याच्या हातात देता. वर्डची फाइल असते तशीच. रिझॉल्व्हमध्ये अशी फाइल फोल्डरमध्ये सापडत नाही. सगळे प्रोजेक्ट एका डेटाबेसमध्ये राहतात, त्याला तिथे प्रोजेक्ट लायब्ररी म्हणतात. तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर ती लायब्ररी विंडोजच्या सी ड्राइव्हवर, सहज नजरेस न पडणाऱ्या फोल्डरमध्ये असते. इंजिनिअरिंगला डेटाबेसचा पेपर देऊनही हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले, कारण मी फाइल शोधत होते.

ओळखीच्या एका व्हिडिओग्राफरने लग्नाचं सगळं शूटिंग बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवलं होतं, म्हणून निर्धास्त राहून लॅपटॉप फॉरमॅट केला. शूटिंग शाबूत राहिलं. पण तीन लग्नांचे कट, गाण्यांवर बसवलेले शॉट आणि रंग, सगळं गेलं. अल्बमवाल्याला तारीख दिलेली, वधूच्या वडिलांना तारीख दिलेली. त्याने पुन्हा शून्यापासून काम केलं आणि त्यातल्या एका लग्नाचे उरलेले पैसे त्याला मिळाले नाहीत.

म्हणून रिझॉल्व्ह उघडल्यावर एखादा इफेक्ट शिकण्याआधी प्रोजेक्ट मॅनेजर शिका. प्रोजेक्टवर राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट’ दिलं की डीआरपी नावाची छोटी फाइल मिळते. त्यात फक्त एडिटिंग असतं, व्हिडिओ नसतात. ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह’ दिलं तर वापरलेले व्हिडिओही सोबत येतात. आमच्याकडे आता नियम केलाय: व्हिडिओ अपलोड झाला की डीआरपी फाइल बातमीच्या फोल्डरमध्ये गेलीच पाहिजे. प्रेफरन्सेसमध्ये ‘प्रोजेक्ट बॅकअप्स’ सुरू आहेत का तेही एकदा बघा. ‘लाइव्ह सेव्ह’ सुरू असलं की दर बदलाला काम सेव्ह होतं. हे सोयीचं आहे, पण त्यात तुमची चूकही लगेच सेव्ह होते. ‘सेव्ह न करता बंद करून टाकू’ हा प्रीमियरमधला जुना उपाय इथे उपयोगाचा नाही.

२५ की ३०? पहिल्या मिनिटाला ठरवा

दुसरा न दिसणारा फरक फ्रेम रेटचा, म्हणजे एका सेकंदात किती चित्रं. आपल्याकडे टीव्हीसाठी आणि बहुतेक कॅमेऱ्यांवर २५ चालतं. मोबाइल मात्र सहसा ३० वर शूट करतो. प्रीमियरमध्ये पहिली क्लिप ओढून नवा सिक्वेन्स केला की तो त्या क्लिपच्या मापाचा व्हायचा, आणि आम्ही याकडे कधी लक्षही दिलं नाही.

रिझॉल्व्हमध्ये नवा प्रोजेक्ट उघडला की तो मुळात २४ वर असतो. पहिली क्लिप आत घेतली की एक चौकट येते: क्लिपचा फ्रेम रेट वेगळा आहे, प्रोजेक्टचा बदलू का? घाईत माणूस काहीतरी एक दाबतो. एकदा क्लिप आत आल्या की प्रोजेक्टचा फ्रेम रेट कुलूपबंद होतो. वेगळ्या फ्रेम रेटची नवी टाइमलाइन करता येते, पण ‘यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज’वरची खूण काढून, आणि ती करतानाच. तयार टाइमलाइनचा फ्रेम रेट नंतर बदलत नाही. तासाभराचं काम झाल्यावर हे कळलं की हात कपाळावर जातो.

फोनवर शूट करणाऱ्यांसाठी यात अजून एक गाठ आहे. बरेच फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, प्रकाश आणि प्रोसेसरवरचा भार बघून तो थोडा वरखाली करतात. लांबलचक मुलाखतीत त्यामुळे ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होतात. सुरुवातीला कळत नाही, दहाव्या मिनिटाला कळतं. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’वर बदलून घेतली आणि मगच एडिटिंगला घेतली तर हा त्रास टळतो. आमच्या जिल्हा प्रतिनिधींच्या बाइट आम्ही आता तशाच घेतो.

एकाच घरात सात खोल्या

रिझॉल्व्ह पहिल्यांदा उघडणाऱ्याला खाली सात चिन्हं दिसतात: मीडिया, कट, एडिट, फ्यूजन, कलर, फेअरलाइट, डिलिव्हर. प्रत्येकावर क्लिक केलं की स्क्रीन पूर्ण बदलते. प्रीमियरच्या माणसाला वाटतं, आपण चुकून दुसरंच काहीतरी उघडलं.

हे असं का आहे, ते त्याच्या इतिहासात आहे. दाविंची हे मुळात सिनेमाचे रंग सुधारण्याचं यंत्र होतं. मोठ्या पोस्ट-प्रॉडक्शन हाउसमध्येच असायचं, किंमत लाखो डॉलरच्या घरात. मेलबर्नच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ मध्ये ती कंपनी घेतली, २०१० मध्ये तेच सॉफ्टवेअर मॅकसाठी ९९५ डॉलरला आणलं आणि २०११ मध्ये मोफत आवृत्तीही दिली. एडिटिंग त्यात पुढे भरत गेलं. आवाजासाठीचं फेअरलाइट २०१७ मध्ये आणि इफेक्टसाठीचं फ्यूजन २०१८ मध्ये आत आलं. हे दोन्ही आधी दुसऱ्या कंपन्यांचे स्वतंत्र प्रॉडक्ट होते. झटपट कामाचं कट पेज २०१९चं. म्हणजे वेगवेगळी बिऱ्हाडं एका वाड्यात येऊन राहिली आहेत. प्रत्येकाच्या चुली वेगळ्या असणारच.

बातमीच्या कामाला यातल्या तीनच खोल्या पुरतात. एडिटमध्ये कापायचं, कलरमध्ये उजेड थोडा सारखा करायचा, डिलिव्हरमधून बाहेर काढायचं. कलरमध्ये प्रीमियरसारखा इफेक्टचा ढीग नसतो, छोटे चौकोन तारांनी जोडलेले असतात, त्यांना नोड म्हणतात. ते बघून घाबरायचं कारण नाही. पहिले दोन महिने एका नोडवर भागतं. फ्यूजनकडे मी अजून फिरकलेले नाही.

मोफत आवृत्तीबद्दल थोडक्यात. तिच्यावर वॉटरमार्क येत नाही. वॉटरमार्क येतो तो पैशांच्या आवृत्तीतला एखादा इफेक्ट वापरला तर, उदाहरणार्थ व्हिडिओतला दाणेदारपणा काढणारा. ३८४० बाय २१६० आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट होतं. मोबाइलवर बघायच्या व्हिडिओला ते भरपूर झालं. स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरला एकदाच विकत घ्यायची असते, दरमहा नाही. अडतं ते दुसरीकडे. नव्या कॅमेऱ्यांच्या काही १०-बिट फाइल मोफत आवृत्तीत उघडत नाहीत आणि क्लिपच्या जागी लाल पट्टा येतो. शिवाय हे सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावर फार विसंबून आहे. ज्या जुन्या लॅपटॉपवर ईडियस आरामात चालायचं, त्यावर रिझॉल्व्ह दम टाकतं. म्हणजे सॉफ्टवेअरचे वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात जाण्याची शक्यता आहे. हा हिशेब ‘मोफत आहे’ असं सांगणारे यूट्यूबर करत नाहीत.

मराठी पाटी आधी तपासा

इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हा विषय कधीच येत नाही. आपल्याला मात्र रोज नडतो.

प्रीमियरमध्ये मराठी लिहिताना जोडाक्षरं तुटत असतील, वेलांटी भलत्याच ठिकाणी जात असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करावं लागतं. आपल्यापैकी अनेकांनी हे कधीतरी एकदा केलं आणि विसरून गेले. त्यामुळे नव्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आपोआप नीट दिसेल असं गृहीत धरलं जातं. रिझॉल्व्हमध्ये साधं ‘टेक्स्ट’ आणि ‘टेक्स्ट प्लस’ अशी दोन वेगळी साधनं आहेत. दोन्हींत तुमच्या रोजच्या फॉन्टमध्ये काही शब्द लिहून बघा: ‘दुसऱ्या’, ‘राष्ट्र’, ‘सर्व्हिस’, ‘क्षितिज’, ‘विद्यार्थी’, ‘उद्ध्वस्त’. एका फॉन्टमध्ये जमलं म्हणजे दुसऱ्यात जमेल असं नाही. जो फॉन्ट आणि जे साधन पास होईल, त्याचा साचा करून ठेवा आणि सगळ्या डेस्कला तोच द्या.

जुन्या पाट्या श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असतील तर त्यांचं अवघडच आहे. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्या पाटीत अगम्य चिन्हं दिसतात. त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा पुन्हा टाइप करा. आम्ही दोनशेच्या आसपास पाट्या पुन्हा टाइप केल्या. त्यात दोन आडनावांच्या जुन्या चुकाही सापडल्या, हा वरचा फायदा.

जुनी कामं नव्या घरात न्यावीत का?

नेता येतात, पण अर्धवट. प्रीमियरमधून प्रोजेक्ट ‘फायनल कट प्रो एक्सएमएल’ म्हणून एक्स्पोर्ट करून रिझॉल्व्हमध्ये उघडता येतो. कोणती क्लिप कुठून कुठपर्यंत, कोणत्या ट्रॅकवर, एवढं बऱ्यापैकी येतं. ग्राफिक्स, पाट्या, प्लगइन आणि बरेचसे इफेक्ट येत नाहीत. सामान ट्रकमध्ये येतं, भिंतीवर ठोकलेले खिळे तिथेच राहतात.

त्यामुळे सल्ला असा की चालू काम मध्येच हलवू नका. जे जुन्यात सुरू केलं ते जुन्यातच संपवा. संपलेल्या कामांची उत्तम दर्जाची एक फाइल आणि पाट्यांशिवायची एक फाइल काढून ठेवा. पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडतील. जुनं लायसन्स बंद करण्याआधी हे उरकायला महिनाभर लागतो असं धरा.

हा सल्ला न पाळणारं एक मोठं नाव आहे. वॉल्टर मर्च यांनी ‘द इंग्लिश पेशंट’ (१९९६) फिल्म कापून एडिट करायला घेतला आणि काम अर्ध्यावर असताना कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅव्हिडकडे वळले. त्या सिनेमासाठी त्यांना एडिटिंगचं ऑस्कर मिळालं. पुढे ‘कोल्ड माउंटन’ (२००३) त्यांनी फायनल कट प्रोवर केला आणि ‘कू ५३’ हा माहितीपट प्रीमियरवर. दुसऱ्या टोकाला यांग जिन-मो आहेत. त्यांनी ‘पॅरासाइट’ (२०१९) एडिट केला तो अ‍ॅपलने २०११ मध्येच सोडून दिलेल्या फायनल कट प्रो ७वर, आणि त्यांनाही एडिटिंगचं ऑस्कर नामांकन मिळालं. जुन्यावरच राहायचं तर त्यासाठी जुनं मशीन आणि जुनी ऑपरेटिंग सिस्टिमही तशीच जपावी लागते. मॅकच्या २०१७च्या हाय सिएरापासून फायनल कट ७ उघडतच नाही. एका एडिटरला ते जमतं. तीन शिफ्टमध्ये आठ माणसं वापरतात त्या डेस्कला जमत नाही.

शॉर्टकट जुने ठेवावेत की नवे शिकावेत?

रिझॉल्व्हच्या कीबोर्ड कस्टमायझेशनमध्ये प्रीमियर, फायनल कट आणि अ‍ॅव्हिडचे तयार संच आहेत. प्रीमियरचा संच निवडला की बहुतेक बटणं ओळखीची होतात. डेस्कवर यावर दोन तट पडले.

मी आधी जुन्या संचाच्या बाजूने होते. त्या पावसाच्या रात्रीनंतर मत बदललं. ती चूक झाली ते मशीन दुसऱ्याचं होतं आणि त्यावर रिझॉल्व्हचे स्वतःचे शॉर्टकट होते. प्रत्येक मशीनवर वेगळा संच असेल तर आज ना उद्या कुणाचं तरी बोट चुकणारच. शिवाय शिकवणारे सगळे व्हिडिओ आणि ब्लॅकमॅजिकने मोफत दिलेली सरावाची पुस्तकं मूळ शॉर्टकट धरूनच असतात. एकटे काम करत असाल, स्वतःच्या लॅपटॉपवर, तर जुना संच खुशाल ठेवा. मशीन वाटून घेत असाल तर सगळ्यांनी एकच ठरवा.

दिलासा हा की फार थोडं बदलावं लागतं. जे-के-एल ने मागे-थांब-पुढे, आय आणि ओ ने सुरुवात-शेवट, एम ने खूण, स्पेसने चालू-बंद. हे प्रीमियरमध्ये आणि रिझॉल्व्हमध्ये सारखंच आहे. मी दिवसभरात खरोखर किती शॉर्टकट वापरते ते एकदा कागदावर लिहिलं, तेवीस भरले. त्यातले नऊ बदलले होते आणि पाच धोक्याचे होते. डिलीटचं सांगितलंच. कापायचं ब्लेड ‘सी’वर नाही, ‘बी’वर आहे. ‘डी’ने प्रीमियरमध्ये कर्सरखालची क्लिप निवडली जाते, इथे ती बंद पडते आणि चित्र काळं होतं. ‘क्यू’ आणि ‘डब्ल्यू’ने आम्ही क्लिपचं डोकं-शेपूट उडवायचो, इथे ‘क्यू’ने समोरची खिडकी बदलते आणि ‘डब्ल्यू’ने ट्रिमचा वेगळाच मोड सुरू होतो. हे पाच एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला लावले. चिठ्ठी अठरा दिवस लागली.

फोनवरून थेट कॉम्प्युटरवर येणाऱ्यांची अडचण माझ्या उलट असते. इनशॉट किंवा काइनमास्टरच्या मुख्य पट्टीवर क्लिप काढली की जागा आपोआप मिटते. ते प्रीमियरवर आले की मध्ये काळे तुकडे सोडून देतात. आमच्या एका इंटर्नच्या पहिल्या तीन व्हिडिओंत असे तुकडे होते. रिझॉल्व्हवर मात्र ती माझ्याआधी रुळली.

सरावासाठी माझं एकच सांगणं आहे. आधीच प्रसिद्ध झालेला स्वतःचा एक व्हिडिओ घ्या, कच्चं शूटिंग घ्या आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो जसाच्या तसा पुन्हा बनवा. काय बनवायचं हे ठरलेलं असतं, डेडलाइन नसते, आणि कुठे अडलं ते लगेच कळतं. मी असे तीन केले. पहिल्याला चार तास लागले, तिसऱ्याला सव्वा तास.

आता आणखी एक नियम आहे. अपलोड करण्याआधी व्हिडिओ दुसऱ्या कुणीतरी फोनवर, आवाज लावून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचा. नव्वद सेकंदांच्या व्हिडिओला नव्वदच सेकंद लागतात. हा नियम जुन्या सॉफ्टवेअरच्या काळातही असायला हवा होता.

परवा घरी, भाचीच्या बारशाचा व्हिडिओ करायला जुन्या लॅपटॉपवर प्रीमियर उघडलं. क्लिप कापायला ‘बी’ दाबलं. हातात रिपल एडिट टूल आलं आणि अर्ध्या मिनिटाने लक्षात आलं की आत्याने कानात नाव सांगितलं तो शॉटच मी अर्धा खाऊन टाकलाय. अनडू तेवढं दोन्हीकडे कंट्रोल-झेडच आहे.